लाल बटणाचा नंबर

सकाळी सव्वाअकराला प्रेस शॉपचा सुपरवायझर धापा टाकत रिसेप्शनवर आला, अंजलीच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, लाल बटण कुणी उचलत नाहीये!"

अंजलीला आधी त्याचं बोलणंच समजेना. महाळुंग्याच्या त्या कारखान्यात बासष्ट फोन होते, प्रत्येक फोनवर बटणांच्या दोन रांगा, आणि सगळ्यात वरचं लाल पट्टीचं बटण ॲम्ब्युलन्सचं. ते दाबलं की दुसरी रिंग संपायच्या आत माणूस बोलायचा. कँटीनची आमटी बिघडेल, बस चुकेल, लाल बटण चुकणार नाही, असा सगळ्यांचा भरवसा होता.

"झालंय काय?"

"दिग्विजयचा हात प्रेसच्या डायमध्ये सापडला. काढलाय, पण रक्त थांबत नाही. चार मिनिटं झाली, दाबतोय आपला!"

अंजली खुर्ची सरकवून धावत सुटली. ॲम्ब्युलन्सची खोली रिसेप्शनपासून पन्नास पावलांवर. खोलीबाहेर गणराज ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता, अगदी निवांत. कंपनीनं गाडीसाठी दिलेला मोबाईल त्याच्या खिशातून डोकावत होता.

"अरे गणराज, प्रेस शॉप! फोन का उचलत नाहीस तू?"

"वाजलाच नाही, ताई." तो फडकं टाकून गाडीत चढलासुद्धा. "आणि काकांचाही आला नाही आज."

"कुठले काका?"

"साहेबरावकाका. सेफ्टीचे. तेच सांगतात ना मला, कुठल्या शॉपला जायचं ते."

गाडी सायरन वाजवत निघून गेली आणि अंजली तिथंच उभी राहिली. साहेबराव सेफ्टीचे नव्हते. साहेबराव ॲम्ब्युलन्सचे जुने ड्रायव्हर होते आणि त्यांना रिटायर होऊन अकरा महिने झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल आणि मिक्सर मिळाला होता, आणि भाषण करताना रडू आवरेना म्हणून खाली बसली होती ती हीच अंजली.

अंजली वाघमारे या कंपनीत एकोणीस वर्षं फोनवर होती. आली तेव्हा जुना बोर्ड होता; बाहेरचा फोन आधी तिच्याकडे यायचा आणि ती आत जोडून द्यायची. कोण कुठल्या शॉपला आहे, कोण रजेवर, कोण चहाला गेलंय, कोण साहेबांना टाळतोय, हे तिला एचआरपेक्षा जास्त ठाऊक. पोरं तिच्या पाठीमागं तिला चौकशी खिडकी म्हणायची. ती चिडत नसे, कारण मनातून तिला ते आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी नवी सिस्टीम आली. भोसरीचा नौशाद ती बसवायला आला आणि त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकून दिलं. पडद्यावर फोनचं चित्र. चित्रातल्या बटणावर क्लिक करायचं, नाव टाकायचं, नंबर टाकायचा, आणि खाली 'सर्वांना लागू करा' दाबलं की एका दमात बासष्ट फोन बदलतात. बदलासाठी बाहेरून माणूस बोलवायला नको म्हणून कंपनीनं हे काम अंजलीच्या गळ्यात घातलं, आणि बारावी पास अंजलीनं ते आठवड्यात असं आत्मसात केलं की नौशाद तोंडात बोट घालून बघत राहिला. बटणांशेजारच्या कागदी पट्ट्या ती स्वतः छापायची, कात्रीनं कापायची, प्रत्येक फोनवर जाऊन बसवायची. बदल केला की ते बटण स्वतः दाबून बघायची. फक्त लाल बटण दाबून बघायचं नाही असा नियम होता, कारण ते दाबलं की गाडी निघालीच.

लाल बटणाचा नंबर भरताना नौशाद तिला म्हणाला होता, "मॅडम, इथं माणसाचा नंबर नका टाकू. खोलीचा टाका. माणूस उद्या बदलेल, खोली तिथंच राहणार."

अंजलीनं त्यालाच सुनावलं होतं. "खोलीला फोन करून कुणाचा जीव वाचलाय? ड्रायव्हर खोलीत कधी असतो का? गाडी धुतोय, नाहीतर टपरीवर आहे. गाडीतला मोबाईल गाडीत पडून असतो. इथं फोन उचलणारा माणूस एकच."

आणि ते खरंही होतं. साहेबराव ड्यूटीवर असोत नसोत, स्वतःचा मोबाईल उचलायचे, कुठलं शॉप ते विचारायचे, काय झालंय ते ऐकायचे, तोवर काय करायचं ते सांगायचे आणि ज्याची पाळी असेल त्या ड्रायव्हरला पिटाळायचे. कंपनीचा तसा कुठलाही कागद नव्हता. 'साहेबरावला सांग' एवढीच पद्धत होती. अंजलीनं ती पद्धत बटणात बसवली आणि त्याचा तिला अभिमान होता. कुणाला होणार नाही?

मग साहेबराव रिटायर झाले. दुसऱ्या दिवशी अंजलीनं सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं नाव शोधलं. तीन ठिकाणी सापडलं, तिन्ही पुसलं. लाल बटणावर मात्र नाव होतं 'ॲम्ब्युलन्स', आणि नावाखाली नुसता दहा आकडी नंबर. तो आपणच भरला होता हे ती दोन वर्षांत विसरून गेली होती, आणि नावानं शोधणाऱ्याला तो कसा सापडणार? आणि दाबून बघायची तर मनाईच.

अंजली जागेवर परत आली, सॉफ्टवेअर उघडलं, लाल बटणावर क्लिक केलं. तोच नंबर. तो तिला तोंडपाठ होता. तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. अकरा महिने, तिन्ही पाळ्या, जो कुणी पडला, भाजला, चक्कर येऊन कोसळला, त्या प्रत्येकाचा फोन भोसरीतल्या एका रिटायर माणसाच्या घरी वाजत होता. तो माणूस उचलत होता. इकडे बटण दाबणाऱ्याला ओळखीचा आवाज ऐकू यायचा, तिकडे ड्रायव्हरला वेळेवर निरोप मिळायचा. कुणाला शंका यावी असं काही घडतच नव्हतं. जुन्या दोन ड्रायव्हरांना वाटायचं, कंपनीनं काकांना घरून कामाला ठेवलंय. नवा गणराज तर त्यांना साहेब समजून बसला होता. बया, बया! एवढ्या मोठ्या कारखान्यात एकालाही विचारावंसं वाटलं नाही, आणि जिला सगळ्यांची खबर असायची तिलाच याची खबर नव्हती.

तिनं नंबर बदलला. या वेळी खोलीत एक फोन, गाडीत एक, गेटवर एक, तिन्ही एकदम वाजतील असा. मग मिनलमॅडमकडे, म्हणजे खऱ्याखुऱ्या सेफ्टी ऑफिसरकडे गेली आणि सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. "हे लिहून द्या," एवढंच म्हणाल्या. अंजलीनं लिहून दिलं, सही केली.

दुपारी हॉस्पिटलमधून निरोप आला. दिग्विजयची दोन बोटं चेंगरली होती. ऑपरेशनला घेतलंय, वाचतील की नाही ते संध्याकाळी कळेल. अंजलीनं डबा उघडला नाही. चार मिनिटं, चार मिनिटं, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि दुसरी भीती त्याहून वाईट. ती स्वतःच्या मोबाईलवरून साहेबरावांना सात वेळा फोन लावून बसली होती. उचलत नव्हते. जो माणूस दुसरी रिंग होऊ देत नाही तो सात वेळा उचलत नाही, याचा अर्थ काय लावायचा? त्या माणसाचंच काही बरंवाईट झालं असेल तर?

पाच वाजता शिफ्ट सुटली. ती कंपनीच्या बसनं भोसरीला उतरली आणि शेअर रिक्षानं त्यांच्या चाळीपाशी पोचली. दार चतुराबाईंनी, साहेबरावांच्या बायकोनं, उघडलं.

"जय भीम, काकू. काका..."

"जय भीम. ये की. आतच हायेत." चतुराबाई बाजूला झाल्या.

साहेबराव खाटेवर बसले होते, एका डोळ्यावर पट्टी आणि वरून काळा चष्मा. जिवंत माणूस बघून अंजलीला इतकं हायसं वाटलं की ती दारातच खाली बसली.

"मोतीबिंदू काढला आज," चतुराबाई म्हणाल्या. "पाच म्हैनं झालं डॉक्टर सांगतोय. ह्यांचं आपलं एकच, फोन बंद ठेवावा लागंल, न्हाई जमायचं. लेकीचं बाळंतपण लातूरला झालं, नातू बघायला न्हाई गेलं. भावाच्या वर्सश्राद्धाला... आमी ते करत न्हाई, पर पुण्यानुमोदनाला तरी जायचं? न्हाई. कंपनीनं ठिवलंय म्हणं, तिन्ही पाळ्या. उशाला फोन, न्हानीत फोन. आज मीच वडत नेलं दवाखान्यात, आन फोन माझ्या पिशवीत ठिवला."

"वाजला का हो काकू?" अंजलीनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, विचारायला नको होतं.

"वाजला की. कंपनी म्हणून नाव आलं. तीनदा आलं, चारदा आलं." चतुराबाईंनी मान ताठ केली. "मी बघत बसले. उचलला न्हाई, मग आवाजच बंद करून टाकला. म्हटलं, येक दिस तरी माझा नवरा माझा असू द्या."

साहेबराव ताडकन उठायला गेले, तोल गेला आणि भिंत धरून परत बसले. "कोण होतं? अंजली, कोण होतं? कुठलं शॉप?"

"प्रेस शॉप. दिग्विजय. हात सापडला, काका."

"किती मिन्टं गेली?"

"चार."

चतुराबाईंनी तोंडावर पदर धरला. मग त्याच म्हणाल्या, "पर मला काय ठावं? कंपनीनं येकट्या म्हाताऱ्यावर का सोडावं समदं? अंजली, तू तितंच असतीस. सांग बरं, ह्यांना ठिवलंय ना कंपनीनं?"

आता आली का पंचाईत! खरं सांगितलं तर या बाईच्या नजरेतून नवरा उतरणार. अकरा महिने कुणी न मागितलेली चाकरी करत बसला, आणि तिला सांगत राहिला की कंपनीनं ठेवलंय. आणि खोटं सांगितलं तर अंजलीची चूकही झाकली जाणार, हे तिला त्या क्षणीही कळत होतं, म्हणून तर तिला स्वतःची शरम वाटली.

"हो काकू," ती म्हणाली. "कंपनीनंच..."

"खोटं नको बोलू." साहेबरावांचा आवाज आला. त्यांनी चष्मा काढला होता आणि उघड्या डोळ्यानं जमिनीकडे बघत होते. "तुझ्याकडून नंबर काढायचा ऱ्हायला. मला काय कळत न्हाई व्हय? रिटायर झाल्यावर आठव्या दिशी पयला फोन आला, तवाच वळकलं."

अंजली दारातून उठून खाटेजवळ आली. "मग सांगितलं का नाही, काका?"

"सांगनार व्हतो. मोबाईल हातात घेतला व्हता. तेवढ्यात दुसरा आला, पेंट शॉपचा, येक जण बेशुद्ध. त्येला उताना झोपवा, पाय उचला, असं सांगितलं. तो म्हणला, काका, तुमी हाय म्हणून बरं." साहेबरावांनी हातातला चष्मा मिटला. "सांगितलं असतं तर तू लगेच काढला असतास नंबर."

"आन मला म्हणालात कंपनीनं ठिवलंय," चतुराबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "नातू सात म्हैन्यांचा झाला."

त्याच वेळी अंजलीच्या पर्समधला फोन वाजला. गणराज होता. दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "एक बोट वाचलं. करंगळी काढावी लागली."

"त्या चार मिन्टांमुळं?" चतुराबाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही."

चतुराबाई उठल्या, पिशवीतून मोबाईल काढला आणि तो नवऱ्याच्या मांडीवर न ठेवता अंजलीच्या हातात दिला. "उद्या त्या पोराकडं आपण जाऊ. त्येला आधी मी सांगनार, मी उचलला न्हाई म्हणून."

"नाही काकू," अंजली म्हणाली, "आधी मी. नंबर माझा होता."

साहेबराव भिंत धरून उभे राहिले. पट्टीखालून पाणी गालावर आलं होतं, ते औषधाचं की कसलं ते कळत नव्हतं.

"तुमी दोघी गप बसायचं तितं," ते म्हणाले. "तुमाला ठावं नव्हतं. मला अकरा म्हैनं ठावं व्हतं."