खंडेनवमी आणि विजेची कानस

भाऊ गेला तो सोमवार होता. वहिनी चहा गाळत होती, मी पेपर वाचत होतो आणि भाऊ अंगणात जीपपाशी पाना शोधत होता. चहा झाला म्हणून वहिनीने हाक मारली. भाऊने ओ दिली नाही. पाना त्याच्या हातात होता.

तेव्हापासून आमच्या जऊळक्यातले लोक भेटायला येतात, खाली मान घालून बसतात आणि निघताना हळूच विचारतात, "मास्तर, ते मशीनचं एकदा सांगा नं!" सांगायला बसलो की मी मध्येच उठून आत जातो. म्हणून लिहून ठेवतो. लिहिताना निदान थांबता येते.

ती जीप आमच्या बाबांची. भाऊचे लग्न झाले तेव्हा वहिनी मेडशीहून याच जीपमध्ये बसून आमच्या घरी आली. पुढे बाबांनी जीप दोनदा रंगवली, मग ती बंद पडली आणि गोठ्याशेजारी कोंबड्यांचे घर झाली. गेल्या वर्षी भाऊने अचानक जाहीर केले, "यंदा भाऊबिजेले तुले याच जीपमंधी माहेरी नेतो. लग्नात होती तशी निळी करून!"

"निळी?" वहिनी म्हणाली. "हिरवी होती!"

"निळी होती व!"

"नवरी मी होती का तुमी?"

लग्नाचे फोटो काढणाऱ्याने सगळ्या मामा-काकांचे फोटो काढले होते, जीपचा एकही नाही. मग साक्षीदार म्हणून मला बोलावले गेले. वरातीत मी त्याच जीपच्या मागच्या बाकावर बसलो होतो. पण मी रस्ताभर पुस्तक वाचत होतो. (पुस्तकाचे कव्हर लाल होते. ते मला पक्के आठवते.)

रंगाचा निकाल लागेना, पण गंज तरी काढायला हवा होता. भाऊने ग्राइंडर लावला. ग्राइंडरची चकती कोपऱ्यात जाईना, आणि जिथे गेली तिथे तिने मडगार्डला कोंबडी आरपार जाईल एवढी खिडकी पाडली. मग भाऊला कोणीतरी पॉवर फाइलबद्दल सांगितले. म्हणजे विजेची कानस. पुढे बोटभर रुंदीचा खरखरीत पट्टा गरगर फिरतो आणि सांध्याकोपऱ्यातला गंज खरवडून काढतो.

"मास्तर, तू वाचनारा मानूस हाय," भाऊ म्हणाला. "चांगली पाहून एक मांगव."

हीच त्याची चूक! मी पोळ्याला वाचायला बसलो तो नवरात्र आले तरी वाचतच होतो. अरुंद पट्टा की रुंद? हवेवर चालणारी की विजेवर? (हवेवरची मला फार आवडली होती. तिला कॉम्प्रेसर लागतो, आणि गावात कॉम्प्रेसर फक्त पंक्चरवाल्याकडे आहे, हे वहिनीने लक्षात आणून दिले.) मान वळणारी की सरळ? लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून मला त्या लोकांच्या घरची माणसेही ओळखीची वाटू लागली.

"काहून रे, मशीन पाहून राह्यला का पोरगी?" भाऊ ओरडला. "तुह्या वहिनीले मी एका चहात पसंद केलं होतं!"

"म्हनूनच जीपचा रंग आठवत नाई तुमाले," वहिनी आतून म्हणाली.

शेवटी मी एक निवडली. इतर मशीनना बोटाने दाबायचे लहान बटण होते. हिला मुठीच्या पूर्ण लांबीचे बटण होते. मूठ आवळली की चालू, सोडली की बंद. "यात बोट दुखत नाही आणि हे सर्वांत सुरक्षित आहे," असे मी घरात सर्वांना दोन-दोनदा समजावले.

कानस आली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि हत्यारांना सुट्टी असते. भाऊला मात्र धीर नव्हता. त्याने वायर ओढून मशीनची पिन बोर्डात लावूनच ठेवली, बोर्डाचे बटणही खाली केले. लाइट गेलेली होती.

"पूजा झाली का जरासं फिरवून पाहू."

"आज हत्याराले हात लावाचा नाई!" वहिनीने बजावले.

तेवढ्यात मेडशीहून वहिनीचे भाऊ दिगंबरदादा आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा. जीपकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, भाऊबिजेले एसटीत रुमाल टाकून ठिवू का तुमच्यासाठी?"

भाऊचा चेहरा पडला. चेष्टा होती, पण त्याला लागली. जीप निघाली नाही तर मेडशीत वर्षभर तेच ऐकावे लागणार होते.

अंगणात पाटावर कुदळ, विळे, जीपचे पाने आणि मधोमध नवी कानस मांडली. वहिनीने पट्ट्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. मग पूजेचा लाल नाडा हातात घेऊन विचारले, "भाऊजी, हे कुठी बांधू?"

मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "मुठीला बांधा. चांगला घट्ट!"

वहिनीने मुठीला पाच वेढे दिले आणि वर गाठ मारली. बटण पूर्ण दाबले गेले. कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण लाइट नव्हती.

आरती सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला लाइट आली.

कानस पाटावरून अशी उसळली, जणू घोरपडीच्या शेपटीवर पाय पडला! पहिल्या झटक्यात हळद, दुसऱ्यात कुंकू आणि मग उरलेल्या सगळ्या अक्षता दिगंबरदादांच्या अंगावर! झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस पाडत ती अंगणातून सरपटत निघाली. दिगंबरदादा मागे सरत थेट तुळशीच्या कट्ट्यावर चढले.

"बंद कर बे!" भाऊ ओरडला.

"मूठ सोडली की बंद होते!" मी ओरडलो.

"धरली कोनं हाय मंग?"

मी माहितीपुस्तिका उघडली. (खरोखर उघडली. चष्मा सापडत नव्हता, म्हणून वेळ लागला.) तोवर कानस जीपच्या दाराला भिडली आणि दार खरवडू लागली. मी अनुक्रमणिकेपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात वहिनीने शांतपणे जाऊन बोर्डातली पिन ओढली.

मग वहिनी दारापाशी वाकली आणि तिथेच थांबली. कानशीने तळहाताएवढी जागा खरवडली होती. कडेला वरचा निळा, त्याच्याखाली तांबडा, आणि मधोमध, सगळ्यांत खाली, कोवळ्या मेथीसारखा हिरवा.

"हिरवी होती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नवरीसारखा बारीक झाला होता.

भाऊने त्या हिरव्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "हो व," तो म्हणाला. "हिरवीच होती."

दिगंबरदादा कट्ट्यावरून म्हणाले, "आता मले कोनी उतरवा!"

भाऊबिजेला हिरवी जीप मेडशीला पोचली. वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा भाऊने वहिनीला खाली उतरू दिले नाही. नवरी ढकलत नाही, म्हणाला. मी ढकलली. माघात भाऊ गेला.

जीप आता गोठ्याशेजारी उभी आहे. कोंबड्यांना तिच्यात जाऊ देत नाही. कानस फळीवर आहे. मुठीचा नाडा वहिनी सोडू देत नाही. यंदाच्या खंडेनवमीला तिने एकटीने पूजा केली. मी बोर्डाजवळ उभा होतो, पिन हातात धरून. लाइट नव्हती तरीही.