बरणीतली कोरडी वाळू

कुणाकडे माठाखालच्या ओल्या वाळूचा वास आला, की मला पन्नासच्या दशकातले आलापल्लीचे शेजारी मास्तर आठवतात. त्यांच्या बायकोनं बिकानेरच्या माहेराहून बरणीभर वाळू आणली होती आणि तिच्यात वाळवंटातलं एक बिनपंखी झुरळ. हिवाळ्यात बाई वारल्या, झुरळ मागे राहिलं. मास्तर रोज त्या बरणीशी दोन शब्द बोलत. मे महिन्यात आठवडाभर गावी जाताना त्यांनी ती माझ्याकडे दिली. "पानी टाकू नका, भाऊ. वाळूतल्या दमट हवेतूनच ते पानी घेते." मी शहाण्यासारखी मान हलवली. पण बाहेर आग ओतत होती. आमच्याकडे तेव्हा माठाखालच्या वाळूलाही दिवसातून दोनदा पाणी मिळायचं, मग हा जीव कोरडा कसा ठेवायचा? माझ्यातल्या दयाळू गाढवानं रोज तांब्या ओतला. मास्तर परतले, तेव्हा वाळूचा गारा झाला होता आणि झुरळ उताणं पडलं होतं. "मले वाटलं, त्याले तहान लागली असन," मी पुटपुटलो. "तिलेबी असंच वाटे, भाऊ. तिनं तांब्या उचलला, का मी तिचा हात धरत होतो," एवढंच म्हणून मास्तर बरणी पोटाशी घेऊन आत गेले. तेव्हापासून माझ्या माठाखालची वाळू मी भिजवत नाही. पाणी कोमट होतं, तसंच पितो.