सुपडू वकिलाची सनद

जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, वडिलांना त्यांच्या शेवटच्या दुखण्यातही सांगितली नाही, ती आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे हसू आलं तर कुणाला फसवल्यासारखं व्हायचं नाही. सुपडू ओंकार चौधरी या जळगावच्या वकिलाविरुद्ध मुंबईला सनदेच्या मंडळाकडे जो निनावी अर्ज गेला, तो मी लिहिला होता. आणि अर्ज कसा लिहायचा, हे मला सुपडूनंच शिकवलं होतं.

सुपडू मला पहिल्यांदा दिसला तो मोजताना. साठ सालानंतरचा काळ. मी धुळ्याहून जळगावला कायदा शिकायला आलो होतो आणि कुणाशी बोलत नव्हतो. सकाळचे वर्ग सुटले की कोर्टाच्या आवारात जाऊन उभा राहायचो. तिथे कडुनिंबाखाली एक उंच, काळासावळा मुलगा बोट नाचवत माणसं मोजत होता. वर्गात मागच्या बाकावर बसणारा तो हाच, हे ओळखून मी विचारलं, "काय मोजतोस?"

"कोट," तो म्हणाला. "काळे कोट एकसष्ट. पक्षकार तेवीस. त्यातले दोघं चहावाले निघाले, म्हंजे एकवीस. एका पक्षकाराला तीन वकील पडू रायले, भो! आपण अशील व्हायचं शिक्षण घेतलं असतं तं बरं झालं असतं. मागणी तिकडं हाये."

"मग तू वकील कशाला होतोस?"

"मले बोलाले आवडते. घरी बोललो तं बाप म्हणतो, गप बस. इथं बोललो तं लिहून घेतात."

तेव्हापासून त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमचा 'धुळेकर' झालो. त्याच्या स्वतःच्या नावाची गोष्ट तो न विचारता सांगे. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीनं त्याला सुपात घातला, म्हणून सुपडू. "जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात," तो म्हणे. "मी तं नावानंच सुपातला. मले हसणं भागच हाये."

शेवटच्या वर्षाला असताना आमच्या कट्ट्यावर एकच खेळ चाले: पास झाल्यावर कोण काय होणार. वकील होणार असं कुणीच म्हणत नसे. कुणी बँकेत चिकटणार होता, कुणी एसटीच्या डेपोत. कांतिलाल नावाचा कापड दुकानदाराचा मुलगा होता, त्याचं सगळ्यात सोपं होतं. त्याच्या वडिलांनी त्याला कायद्याला घातलं होतं ते इतक्यासाठी की उधारीच्या दाव्याला बाहेरचा वकील लावायला नको. "घर का वकील, घर की चाय," कांतिलाल म्हणे. सुपडू प्रत्येकासाठी एक धंदा सुचवी आणि तो बहुधा बरोबर निघे. रावेरच्या एका मुलाला त्यानं केळीच्या वॅगन भरायच्या कामात जायला सांगितलं. तो गेला आणि आमच्यात सगळ्यात आधी स्कूटर त्यानं घेतली.

धुळ्याला आईला मी वकिलांच्या या गर्दीचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "गावमा बठ्ठा वकीलच शेतस, मंग भांडस कोन?" गावात सगळे वकीलच, मग भांडतं कोण, हे तिचं अहिराणी वाक्य सुपडूला इतकं आवडलं की त्यानं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि खाली लिहिलं, 'निकाल बरोबर आहे. अपील नाही.'

आता अर्जाची शिकवणी. कॉलेजात असताना सुट्टीच्या दिवसांत सुपडू मामलेदार कचेरीबाहेर एका म्हाताऱ्या अर्जनविसाकडे बसत असे. तिथे तो जे शिकला, ते आम्हाला कुठल्याच प्राध्यापकानं शिकवलं नाही. कागद घ्यायचा. डाव्या बाजूला तीन बोटं मोजून घडी घालायची आणि नखानं दाबायची, तो समास. मग खालचा उजवा कोपरा नखाएवढा वर दुमडायचा.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"कारकुनाच्या अंगठ्यासाठी. त्याचा दिवस पानं उलटण्यात जातो. आपल्या पानाशी त्याचा अंगठा अडला नाही, तं तो आपलं पान वाचतो. धुळेकर, साहेब सही करतो, पण अर्ज चालतो कारकुनाच्या अंगठ्यावर."

त्यानं माझ्याकडून ती घडी शंभर वेळा घालून घेतली असेल. पुढे पुढे मी घरी पत्र लिहितानाही कोपरा दुमडू लागलो.

दोघं पास झालो, दोघांना सनदा मिळाल्या, दोघं त्याच कडुनिंबाखाली उभे राहिलो. आता आम्हीही मोजण्यातले कोट होतो. पहिली दोन वर्षं माझ्याकडे जी कामं आली, ती शपथपत्रांची. वडील शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. ते धुळ्याहून महिन्याला मनिऑर्डर पाठवत आणि खालच्या चिटोऱ्यावर लिहीत, 'अनमान करू नये.' ते वाचलं की अनमानाशिवाय दुसरं काही व्हायचं नाही.

सुपडूनं मात्र अनमान केला नाही. तो आसोद्याचा. तिथल्या हिरव्या वांग्यांचं भरीत म्हणजे काय, हे जळगावकरांना सांगावं लागत नाही. हिवाळा लागला तसा त्यानं आसोद्याच्या रस्त्यालगत चुलतभावाच्या शेतात एक मांडव घातला. कोर्ट सुटलं की सायकलवर तिथे जायचा, काळा कोट मांडवाच्या खुंटीला अडकवायचा, धोतर नेसायचा आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायचा. त्याची बायको शेवंता लाकडी भांड्यात ती ठेचायची, वर हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बाप थकलेला, धाकटे भाऊ शिकणारे. ही सगळी तोंडं त्या मांडवावर होती.

वकिलाला सनद असताना दुसरा धंदा करता येत नाही, हा नियम त्याला माहीत नव्हता असं नाही. "वांगी भाजणं धंदा हाये का, हा कायद्याचा प्रश्न हाये," तो म्हणे. "पुरी तळली तं धंदा. भाकरी म्हंजे जेवण." लोक जेवायला येत आणि जेवता जेवता बांधाचं, वाटणीचं, सुनेचं भांडण त्याच्यापुढे मांडत. सल्ला फुकट असे. मी विचारलं तर म्हणाला, "सल्ल्याचे पैसे घेतले तं लोक भरीत खाले येणार नाहीत." पण ज्यांनी फुकट सल्ला घेतला, ते दुसऱ्या दिवशी वकीलपत्रावर अंगठा द्यायला त्याच्याचकडे येत. मी कडुनिंबाखाली कोट झटकून उभा असे आणि माझ्या शेजारून त्याचे अशील जात.

तो कोर्टात उभा राहिला की बघण्यासारखं असे. केळीच्या बागेतला एक घड चोरल्याचा खटला होता. साक्षीदार छातीठोक सांगत होता की आरोपीला घड कापताना डोळ्यांनी पाहिलं.

"घड कोणत्या हातानं धरला व्हता, आबा?" सुपडूनं प्रेमानं विचारलं.

"उजव्या."

"आन् कोयता?"

"तोबी उजव्याच."

सुपडू न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "साहेब, माझ्या अशिलाला उजवे हात दोन आहेत, हे मान्य करून मी पुढे जातो." न्यायाधीशांनी रुमालात तोंड घातलं. आरोपी सुटला.

त्या दिवशी मागच्या बाकावर नाना बसले होते. नाना म्हणजे जळगावच्या दिवाणी कामातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्याकडे एका ज्युनिअरची जागा रिकामी होती. पगार नव्हता, पण नानांच्या टेबलाशी चार वर्षं बसलेला माणूस पाचव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर मी नानांच्या दिवाणखान्यात जाऊन बसत होतो, त्यांच्या नातवाला गणितंही सोडवून देत होतो. कोर्टातून बाहेर पडताना नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा तो मित्र. त्याला सांगा, संक्रांतीनंतर माझ्याकडे बसायचं."

मी निरोप घेऊन मांडवावर गेलो. सुपडूनं ऐकलं, हातातला चिमटा खाली ठेवला आणि क्षणभर त्याला हसताच येईना. "बोलाले मिळीन रे आता," एवढंच म्हणाला. मग माझा चेहरा त्यानं पाहिला असावा. तो आनंदात होता आणि मलाही काही द्यावं असं त्याला वाटलं. खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून त्यानं एक पत्र काढलं. शिरपूरच्या एका शाळेत मास्तरची जागा होती. त्यानं ओळखीनं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

"धुळेकर, राग नको मानू. तू मास्तर लय चांगला होशीन. नानाच्या नातवाले गणितं समजू रायली, मी ऐकलं. कोर्ट काय, सगळ्यांसाठी नसते."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आज मी हे शांतपणे लिहू शकतो. त्या वेळी शिरपूरचं ते पत्र मी दोन तुकडे करून त्याच्या जाळात टाकलं. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. तो हसला.

पुढच्या शनिवारी दुपारी वकिलांची खोली रिकामी होती. मी अर्ज लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला, त्यामुळे एका पानाला दीड तास लागला. 'सदर वकील न्यायालय सुटताच काळा कोट खुंटीस अडकवून वांगी भाजण्याचा धंदा उघडपणे करितात, त्यायोगे सनदेची अप्रतिष्ठा होते.' शिक्का जळगावचा पडू नये म्हणून पाकीट भुसावळला जाऊन टाकलं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनावर भजी खाल्ली, हेही आठवतं. चांगली होती.

महिन्यानं सुपडूला नोटीस आली, सोबत अर्जाची टाइप केलेली नक्कल. त्यानं ती मांडवात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. "'त्यायोगे'! वा! माणूस शिकलेला दिसते, भो." लोक हसले. मीही हसलो.

नानांकडे बसणं लांबणीवर टाकून तो मुंबईला जाऊन आला. मंडळानं फार ताणलं नव्हतं. मांडव बंद करतो असं लिहून द्या, सनद राहील, एवढंच. मी मनात म्हणत होतो, देईल लिहून; हिवाळा संपतच आला आहे. पण नानांकडे चार वर्षं पगार नव्हता आणि घरातली तोंडं चार वर्षं थांबणारी नव्हती. त्यानं सनदच परत केली.

हे त्यानं मला जाळाशी बसून सांगितलं. मग काड्या सारखी करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुंबईले त्यांनी मूळ अर्ज दाखवला. अक्षर डाव्या हाताचं. कुत्र्यानं पाय घासल्यासारखं. पण माणूस हुशार. तीन बोटं समास. आन् कोपरा दुमडेल. कारकुनाच्या अंगठ्याले जागा ठेवली व्हती."

बोलायची ती वेळ होती. काड्या तडतडत होत्या, शेवंताबाई पलीकडे ठेचत होत्या, आणि मी माझ्या उजव्या हाताच्या नखाकडे बघत बसलो. सुपडूनं जाळातलं सगळ्यात मोठं वांगं काढलं, सोललं आणि माझ्या ताटात टाकलं. "खाय," म्हणाला. "थंड व्हईन."

निघताना त्यानं खुंटीवरचा कोट काढून माझ्या हातावर टाकला. "तुझ्या कोटाची कोपरं गेलेली हाये. नानाकडं असा जाऊ नको. जागा रिकामीच हाये, मी तुझं नाव सांगतलं."

मी तो कोट घेतला. नानांच्या टेबलाशी पहिल्या दिवशी तोच घालून बसलो. नानांनी दोनदा हुंगून विचारलं, "काय हो, सकाळीच भरीत खाऊन आलात?"

पुढे चार वर्षांनी मी धुळ्याला आलो, माझं बरं चाललं. सुपडूचा मांडव मोठा झाला, पत्र्याचा झाला. दर हिवाळ्यात कायद्याची पोरं तिथे जेवायला जात आणि भविष्य विचारून येत. कुणाला तो खताच्या दुकानात धाडी, कुणाला कामगार खात्याच्या परीक्षेला बसवी, आणि एखाद्यालाच म्हणे, "तू कोर्टात जाय. उपाशी राहशीन, पण जाय." कुणी त्याला वकीलसाहेब म्हटलं तर सांगे, "सनद नाही, भो. भाकरी हाये." मी वर्षातून एकदा, तेही कामाच्या निमित्तानं जात असे. त्या अर्जाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मलाही तेच सोयीचं होतं. आवाजात कधी बोच नव्हती. असती तर मी कदाचित बोललो असतो.

गेल्या हिवाळ्यात सुपडू गेल्याची कांतिलालची तार आली. मी आसोद्याला पोचलो तेव्हा दिवस दहावा होता. अंगणात पंधरा-वीस पोरं सतरंजीवर बसली होती, सगळी कायद्याची, एकाच्याही हाती खटला नाही. एक जण शोकसभेचा अर्ज लिहीत होता. त्यानं डावीकडे तीन बोटं घडी घातली, नखानं दाबली, आणि खालचा कोपरा दुमडला.

शेवंताबाई आत चुलीशी होत्या. मला पाहून पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तं त्यायच्या बरोबरीचे. मी त्यायले इतक्यांदा विचारलं, तो अर्ज कोनं केला व्हता? ते म्हणायचे, कोन्या चांगल्या माणसानं केला, जाऊ दे. तुम्हाले काही समजलं का हो कधी?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी."

सुपडू आता विचारणार नाही. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पण शेवंताबाईंनी विचारलं, आणि मी खोटं सांगितलं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांचं देणं लागतो, आणि ते त्यांच्यासमोर बसून द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.