आल्बर्ट मास्तरांच्या बाथरूमचा रंग

आल्बर्ट मास्तर तुळिंजच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि राजोडीजवळच्या आपल्या आळीत उरलेले सगळे विषय शिकवायचे. फाटक कसं बसवावं, केळीला पाणी केव्हा द्यावं, लग्नात बँडनं काय वाजवावं, मास्तरांचं मत तयार असायचंच. आणि रंगाचा विषय निघाला, तर समोरच्यानं गपगुमान खुर्ची ओढून बसावं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या डोळ्यांवर त्यांचा फार विश्वास होता.

१९९८च्या उन्हाळ्यात बाथरूम रंगवायची टूम निघाली ती त्यांच्या बायकोच्या, इनेझच्या डोक्यातून. जुनी निळी भिंत बघूनच तिला हुडहुडी भरायची.

"अहो, डिसेंबरात कढत पाणी अंगावर घेतलं तरी बर्फाच्या कारखान्यात उभी आहे असं वाटतं. जरा ऊब वाटेल असा रंग द्या की. एवढंच मागते."

एवढंच मागणं, पण मास्तरांनी राईचा पर्वत केला. दुकानातून शेडकार्ड आणलं आणि महिनाभर बाथरूमच्या बल्बखाली धरून पाहिलं. पीच औषधाच्या गोळीसारखा वाटला, बदामी आजारी दिसला, केशरी डोळ्यांत गेला. गुलाबीला तर त्यांनी नुसतं नाक मुरडलं. शेवटी दुकानदारानं हात जोडले, "सर, आता तुम्हीच बनवा." इनेझनं तो विषयच काढणं सोडून दिलं.

मग एप्रिल संपत आला. आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिनाभर रोज संध्याकाळी तिथं रोझरीची प्रार्थना होते आणि शेवटच्या दिवशी क्रुसाचा सण. त्याआधी चौथरा रंगवायचा मान मास्तरांचा. आळी वर्गणीतून ऑइल पेंट आणायची, मास्तर दर वर्षी त्यातून नवा रंग मिसळायचे, आणि चौथरा झाल्यावर जो उरेल तो ॲनीबायच्या दाराला. ॲनीबाय मूळची कोळीवाड्यातली, नवरा गेल्यापासून क्रुसाशेजारच्या घरात एकटी. क्रुसापुढं रोज झाडायची ती आणि मेणबत्ती लावायचीही तीच. म्हणून क्रुसाचा रंग तिच्या दाराला, असा आळीचा शिरस्ता होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता.

त्या वर्षी मास्तरांनी पांढऱ्यात पिवळा ओतला, लाल जरा जास्तच पडला, तो मारायला चमचाभर तपकिरी घातला, आणि ढवळायची काठी तशीच हातात धरून ते थबकले. चुलीच्या उजेडात भिंत दिसते ना, अगदी तो रंग! शेडकार्डात असला रंग नव्हता आणि आपल्यालाही तो पुन्हा जमायचा नाही, हे त्यांना तिथंच कळलं. चौथरा रंगवून अर्धा डबा उरला. ॲनीबायचं दार चार पावलांवर होतं. मास्तर डबा घेऊन घरी आले.

"दाराला काय, कुठलाही रंग चालतो. तिला नंतर नवा डबा आणून देऊ," असं त्यांनी स्वतःला समजावलं. नंतर म्हणजे कधी, ते काही ठरवलं नाही. बाथरूम असं झालं की इनेझ दारातच उभी राहिली. "कुठनं आणलात?" तिनं विचारलं. "बनवला," मास्तर म्हणाले. तेवढं खरंच होतं.

सणाच्या संध्याकाळी प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि घर जवळ म्हणून चहा मास्तरांकडे ठेवला होता. बायकांना बाथरूम दाखवायची इनेझला कोण हौस! "आत जाऊन तर बघा, ऊब वाटते की नाही." शेजारच्या हिल्डानं डोकावलं. हिल्डाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"अगो, हा तर क्रुसाच्या चौथऱ्याचा रंग!" मग तिनं ओटीवर उभ्या असलेल्या ॲनीबायकडे वळून पाहिलं. "आणि तुझं दार गं? ते तर अजून तसंच आहे."

सगळ्यांचे चहाचे कप थांबले. इनेझनं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी आपल्या चपलांकडे.

"मीच नको म्हनलं," ॲनीबाय म्हणाली. "मास्तर इचारायला आलते. मी म्हनलं, माज्या दाराला काय झालंय? तुमच्या बाथरूमला लावा."

"हो का, मास्तर?" हिल्डानं विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले.

डबा उचलला तेव्हा त्यांना लाज वाटली नव्हती. ती आता वाटली, आणि अशी वाटली की हातातले चणे त्यांनी तसेच खिशात टाकले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले तर त्या रंगाकडे बघवेना. दोन तांबे अंगावर ओतून ते बाहेर आले. इनेझनं चहा टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. मास्तर तसेच तुळिंजला गेले, नवा डबा घेतला आणि ॲनीबायच्या दारात उभे राहिले. ती नुकतीच चर्चमधून येत होती.

"ॲनीबाय, हा रंग... मी तेव्हाच द्यायला हवा होता."

"ठेवा तिथं. मी आत्ताच फादरपुढं पापाचं कुमसार करून आले."

"तुला कसलं कुमसार?"

"खोटं बोलले ना, तेबी क्रुसाच्या सनाला. फादरनी इचारलं, कोनासाठी? मी नाव नाय सांगितलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "माजं मी फेडलं, मास्तर."

मास्तरांनी डबा उंबऱ्याशी ठेवला आणि सरळ हिल्डाच्या घरी गेले. तिला सांगितलं की दुपारच्या आत आळीभर होईल, हे ठाऊक होतं, म्हणूनच गेले. हिल्डा ओट्यावर बोंबील साफ करत होती. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कधी नव्हे ते त्यांचे शब्द अडखळत होते.

हिल्डानं विळी बाजूला केली. "आम्हाला ठाऊक आहे, मास्तर. ॲनीबायला कधी खोटं बोलता येतं का? ती बोलत होती तेव्हाच सगळ्यांना कळलं."

"मग कुणी काही बोललं का नाही?"

"तुमच्यापायी तिला चारचौघांत खोटी पाडायची होती का?"