मोठा बोअर आणि रामाकोन्याचा बगीचा

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना माझी अडीचशे सीसीची मोटारसायकल चढाला लागली, की मागून साडेतीनशेवालीचा दणदणीत आवाज यायचा. तो माझा साडू. हात वर करून तो पुढे निघून जायचा आणि मी त्याचा धूर खात राहायचो.

आम्ही दोघेही संत्र्याचे बगीचे झाडावरच विकत घ्यायचो. धंदा मी त्याला शिकवला. बगीचेवाल्यांच्या ओसरीवर मीच त्याला नेऊन बसवले. भागी तुटली तेव्हा ते सगळे त्याच्यासोबत गेले. सासरी दाद मागितली, तर म्हणाले, दोघेही आपलेच.

रामाकोन्याचा एक मोठा बगीचा तेवढा उरला होता. आमच्या भावबाजीने त्या मालकाचे डोके उठले होते. त्याने दोघांना एकच निरोप दिला: भाव मी सांगतो तो, आणि पोळा झाल्यावर सोमवारी, दिवस निघाल्यावर जो आधी येऊन इसार देईल त्याचा बगीचा. म्हणजे भाव पाडायची माझ्याकडे जी एक कला होती, तीच त्याने काढून घेतली. आता सगळे गाडीवर होते. अंधारात निघून जावे, तर आमच्या दोन घरांत भिंत एकच; माझी किक त्याला अंथरुणात ऐकू आली असती.

नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मी इंजिनच मोठे करायचे ठरवले. नागपूरच्या भंगारातून जाड भिंतीचा एक सिलिंडर आणला. त्याचा बोअर, म्हणजे आतले भोक, वाढवायचा, मोठा पिस्टन बसवायचा. दोन महिने डोक्यात दुसरे काही नव्हते. बायको म्हणाली, "काहो, गाडीचं पोट मोठं करून राहिले, अन् सैपाकघरात मले वळाले जागा नाही."

पिस्टन सौंसरच्या दुकानात होता. दुकानदार भाव सोडेना, मीही सोडेना. इकडे पांढुर्ण्याचा लेथवाला कापसाच्या जिनिंगच्या कामाला बाहेरगावी जाणार होता. त्याच्याकडे सिलिंडर ठेवला.

"पिस्टन कुठी हाय?" त्याने विचारले.

"येऊन राहिला. तू माप घे अन् बोअर कर."

"मापावर नाही होत भाऊ. पिस्टन हातात पाहिजे. मी आणू का?"

"अन् वर तुझं कमिशन? चूप काम कर."

"मंग उद्या मले बोलायचं नाही."

पिस्टन शेवटी मिळाला, माझ्याच भावात. तिसऱ्याच एका मिस्त्रीने तो बसवला. बोटाने ढकलून म्हणाला, जरा टाइट आहे, पण चालता चालता मोकळा होईल. पहिले काही दिवस हळू चालवा. हळू! सोमवार चार दिवसांवर आला होता.

त्या सोमवारी गाडी चढावर अशी उचलली की मी एकटाच हसलो. मी निघालो तेव्हा साडूचे दार बंदच होते. सौंसर मागे पडले. रामाकोना हाताशी आला आणि इंजिनाने एकदम करकरून दम सोडला. मागचे चाक जाम झाले, गाडी घसरत मातीत गेली. मी किकवर उभा राहिलो. किक हलेना; टाइट पिस्टन तापून आतच अडकला होता.

थोड्या वेळाने तो आवाज आला. साडू थांबला.

"काय झालं जी?"

"काही नाही. पेट्रोल."

त्याने टाकीचे झाकण काढून आत पाहिले. "भरून हाय ना. कुठं चालले होते?"

"जामसांवलीले. दर्शनाले."

"जामसांवली तर मागंच राहिली, साडूभाऊ." तो हसलासुद्धा नाही. "चाला, सौंसरले सोडून देतो. तुमाले असं रस्त्यावर टाकून गेलो, तर घरी दोघी बहिणी मले जेवू घालतील का?"

सौंसर म्हणजे उलटी दिशा. नको म्हणावे, तर मग रामाकोन्याला काय काम आहे ते सांगावे लागले असते. त्यालाही ते माहीत होते, मलाही. संत्र्याच्या पेट्या बांधायचा दोर त्याच्याकडे होताच. माझी गाडी त्याने मागे बांधली. मी गाडी न्यूट्रल करून हँडल धरून बसलो. गती त्याची, ब्रेक तेवढा माझा. रामाकोना मागे जात राहिला.

लेथवाला पुढे मिस्त्रीचे नाव घेणार होता, मिस्त्री लेथवाल्याचे, आणि दुकानदार म्हणणार होता, पिस्टन तर बरोबर मापाचा दिला. तिघांसाठी शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. पण समोर होता तो साडू. सौंसरच्या चौकात त्याने दोर सोडला, नीट गुंडाळला, एका गॅरेजवाल्याला हाक मारून सांगितले, "आमच्या भाऊची गाडी पाह्य जरा." मग आपली गाडी वळवली, रामाकोन्याकडे.

मला ओरडायचे होते. लोक पाहत होते, आणि आत्ताच मला ओढून आणणाऱ्या माणसाला शिवी द्यायची तरी कशी?

मी म्हणालो, "सांभाळून जा."