बायकोची इंग्रजीची वही

मी चौथी शिकलेला माणूस. सातपूरला कारखान्यात लेथ मशीनवर बत्तीस वर्षं काढली. आता इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून असतो. बायको जाऊन पाच महिने झाले. लोकांना वाटतं म्हातारा रडत असेल. मी रडतो कमी, जळतो जास्त. तेच लिहितोय.

नातीला पुण्यातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू द्यायचा होता. त्यासाठी तिनं मोबाइलवर इंग्रजीचा क्लास लावला. नोकरीतले जड जड शब्द, रोज दहा. नुसते पाठ करायचे नाहीत, प्रत्येकाचं आपल्या घरातलं खरं वाक्य करायचं, असा तिथल्या बाईंचा नियम. आमची ही सातवी पास. मेथी निवडता निवडता हिनं एक वाक्य सुचवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हीसुद्धा विद्यार्थिनी! दुपारी तीनला दोघी टेबलाशी. डाव्या पानावर नात इंग्रजीत लिहायची. उजव्या पानावर ही तोच शब्द मराठी अक्षरांत लिहून खाली आपलं वाक्य घालायची. मग खिदळणं. माझा चहा साडेचारवर गेला.

"मॅडम आता कुठं जॉइन होणार?" मी विचारायचो.

"तुमच्या कंपनीत चाळीस वर्षं झाली, प्रमोशन नाही. दुसरी बघते."

"आजी, हे पण लिही!" नात टाळ्या पिटायची.

मी जवळ गेलो की वही मिटायची. नोकरी मी केली, घाम मी गाळला, आणि नोकरीचे शब्द ह्या दोघी वाटून घेतात, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

मग एका सकाळी मुलाचा डबा भरताना ती खाली बसली ती उठलीच नाही.

तेरावं झालं आणि नात ती वही घेऊन घरभर फिरू लागली. झोपताना उशाशी. मला बघवेना. बायको माझी, अन् वही हिच्याकडं! ती आंघोळीला गेली तेव्हा मी वही उचलली आणि खाटेखालच्या माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकली.

तिनं गाद्या उलट्या केल्या, कपाटं उपसली. "आजोबा, पाहिलीत का हो? सोमवारी इंटरव्ह्यू आहे."

"मला काय माहीत तुमच्या वह्या?" मी म्हणालो.

घर रिकामं झालं की मी वही काढायचो आणि बोट ठेवून वाचायचो. वाचत काय होतो, स्वतःला शोधत होतो.

कलीग, म्हणजे सोबत काम करणारं माणूस. मला वाटलं, इथं मी असणार. तिनं लिहिलेलं, 'शेजारची काकू माझी कलीग, पापडाला येते.' मी त्या काकूवरही जळलो. डेडलाइन: 'सकाळी साडेसहा, डबा.' अप्रेझल, म्हणजे साहेब कामाची पारख करतो ते: 'हे गप्प जेवले म्हणजे भाजी चांगली झाली.' रिटायर: 'हे झाले. मी नाही.'

तिथं मी वही मिटली. दोन दिवस हात लावला नाही.

रविवारी उघडली तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर आलो. हँडओव्हर. खाली जागा कोरी. वाक्य करायच्या आधीच ती गेली होती.

हा शब्द मला येत होता! तसाच वही घेऊन नातीसमोर उभा राहिलो.

तिचं तोंड लाल झालं. "चोरलीत, आजोबा?"

"माझ्या बायकोची वही. चोरी कसली?"

"अर्धी माझी आहे! चार दिवस रडतेय मी, दिसत नव्हतं तुम्हाला?"

दिसत होतं. तसं सांगितलं. चुकलो म्हणालो. मग म्हणालो, हा शब्द ऐक. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तो आला की सांगायचं, आज आवाज कुठून येतोय, तेल कधी घातलं, मशीनवर लावलेला अर्धा जॉब कुठवर आलाय. हे हँडओव्हर. न देता गेटाबाहेर पडला तर फोरमन आईवरून शिव्या घालायचा.

ती ऐकत राहिली. "क्लासमध्ये असं नाही सांगितलं कुणी. आता वाक्य करा. खरं पाहिजे."

"तुझी आजी हँडओव्हर न देता गेली."

ती उठली. माझं मनगट धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चहा टाकला. साखर अर्धाच चमचा.

"एक घाल. तुझी आजी एक घालायची."

"अर्धाच घालायची. डॉक्टर बोलले तेव्हापासून. पण चमचा खूप वेळ वाजवायचा, म्हणजे तुम्हाला पुरती वाटते. मला सांगून ठेवलंय. तुमची बीपीची गोळी, बिनदाण्याची खिचडी, चिडलात की किती वेळ बोलायचं नाही, सगळं."

तिनं कपात चमचा वाजवला. तोच आवाज. चहा गोड लागला आणि मी जळून खाक झालो. सगळं हिला सांगितलं! मला एका शब्दानं नाही.

मी पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'हँडओव्हर दिलं. मला नाही, नातीला.'

तिला नोकरी लागली. वही ती पुण्याला घेऊन गेली. ते एक पान फाडून ठेवावं असं माझ्या मनात होतं, पण त्याच्या पाठीमागं नातीचे पुढचे शब्द होते.