कवळीवाल्याचे जलरंग

माझ्या तोंडातली कवळी ज्याच्या हातची, त्याच्याबद्दल वाकडं बोलायला जीभ रेटत नाही. पण खरं ते सांगायलाच हवं. आमचा शेजारी कवळीवाला निवृत्त होऊन जलरंगांच्या नादी लागला आणि गल्लीतली यच्चयावत माणसं कवळ्या लावून फिरायला लागली. कागदावर, म्हणजे. न्हावी घ्या, पोस्टमन घ्या, माझी तान्ही नात घ्या, सगळ्यांचे दात एकसारखे, ओळीत.

"अरे, तिला अजून एकही आलेला नाही!" मी म्हणालो.

"येतील तेव्हा असेच येवोत," तो म्हणाला.

जन्मभर लोकांच्या तोंडातली खिंडारं बुजवलेला माणूस. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवायचे. फक्त घरचं खिंडार तेवढं राहिलं होतं. तरुणपणी सायकलवरून पडून वहिनींचा पुढचा दात अर्धा तुटला. "नकली काही नको," म्हणून त्यांनी नवऱ्याला तिथे हात लावू दिला नाही आणि हसताना स्वतःचा हात तोंडावरून काढला नाही. याला नेमकं तेच हसू रंगवायचं होतं.

मग स्वारीने कागदच घरी करायला घेतला. कामावरचे जुने सुती पांढरे कोट कातरले, भिजवले आणि वहिनींच्या मिक्सरमध्ये वाटले.

"नवऱ्याचे कोट वाटायचे तेवढे राहिले होते माझ्या मिक्सरमध्ये!" वहिनी कडाडल्या.

लगदा जाळीवर उचलून, दाबून, वाळवून कागद झाला. खरबरीत, आणि कडा, साहजिकच, दातेरी.

"एकदाच बसेन," वहिनींनी बजावलं. "बिघडलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

त्या सकाळी मीही गेलो, अर्थात न बोलावता. वहिनी परीक्षेला बसल्यासारख्या बसलेल्या. जलरंगात पांढरं लावत नाहीत, कागद कोरा सोडतात; म्हणून त्याने दातांची जागा कोरी ठेवून ओलसर कागदावर चेहरा उतरवला. मी शिंप्याची गोष्ट काढली, त्याचा विग गिऱ्हाइकाच्या बाहीला शिवला गेला ती. वहिनी खळखळून हसल्या. हात तोंडावर न्यायचं विसरल्या. त्याचा कुंचला ओठांवरून सर्रकन फिरला.

आणि रंग निसटला. ओठांखालचा गडद तपकिरी कोऱ्या दातांत शिरला. याने कापूस उचलला. ओलं आहे तोवर टिपता येतं. पण कापूस वरच राहिला. रंग कोटाच्या धाग्याधाग्यातून वाट काढत चालला होता, जणू जागा ठाऊक असल्यासारखा. पुढच्या दाताच्या अर्ध्यावर आला आणि थांबला. नेमका तिथेच.



"टिपा की," वहिनी हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं तेच करायचं होतं ना तुम्हाला?"

त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"अगं, हे मी केलंच नाही," तो कुजबुजला. "मी कोण पुसणारा?"

कापूस त्याने खिशात कोंबला. वहिनी वाकल्या. सवयीने तोंडाकडे निघालेला हात मध्येच वळला आणि कागदाच्या दातेरी कडेवर टेकला. त्या तशाच हसत राहिल्या, उघड्या तोंडाने.

मी आ वासून बघत होतो, हे मला कवळी मांडीवर पडली तेव्हा कळलं. एरवी तो धावत आला असता. त्या दिवशी त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.